बँकांना दिलेल्या पैशाचा जाब

(पुणे शहरातील एका वस्तीत भरलेल्या कौटुंबिक सभेत केलेले भाषण)



सभेच्या चालकांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी ‘सरकारी बँका आणि आपले मत’ असे उत्तर दिले. त्यांना थोडे नवल वाटले. तेथेच बसलेले एक वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, “वकीलसाहेब, बँकेत आमचे आहे तरी काय?” प्रश्न थट्टेने विचारलेला होता; परंतु मला तो फार मोलाचा वाटला. आजचे माझे भाषण हे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे, असेच समजा.

शिवाजीनगरला ‘लोकमंगल’ नावाची इमारत आहे. तुमच्यापैकी कित्येक जण कामावर जाताना रोज तिच्यासमोरून जात असतील. बँक ऑफ महाराष्ट्रचे ते मुख्य कार्यालय होय. ही बँक १९३५ साली पुण्यातच स्थापन झाली. पुढे १९ जुलै १९६९ रोजी देशातील १४ मोठ्या खाजगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यांत हिचाही समावेश होता. बँक राष्ट्राची झाली म्हणजे तिचा धनी कोण झाला? कागदोपत्री शासन. आणि शासन ज्यांच्या मतांवर उभे असते, ते तुम्ही आणि मी. तेव्हा त्या इमारतीत आपले काहीच नाही, असे म्हणून चालणार नाही. तिच्यात आपले काय आहे याचा हिशेब मात्र आपण कधी मागितलेला नाही.

आता तो हिशेब थोडा पाहू. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध घातले. दिलेली कर्जे परत येईनात, थकबाकी वाढत गेली, तोटा होऊ लागला, म्हणून बँकेच्या व्यवहारावर मर्यादा आल्या. हे निर्बंध जानेवारी २०१९ च्या अखेरीस उठले. मधल्या काळात काय घडले? केंद्र शासनाने या एका बँकेला भागभांडवल म्हणून जानेवारी २०१८ मध्ये ३,१७३ कोटी, डिसेंबर २०१८ मध्ये ४,४९८ कोटी आणि निर्बंध उठल्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये २०५ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. बेरीज ७,८७६ कोटींची होते. ही झाली पुण्याच्या एका बँकेची गोष्ट. देशातील सर्व सरकारी बँकांना २०१६-१७ पासून २०२०-२१ पर्यंतच्या पाच वर्षांत शासनाने ३,१०,९९७ कोटी रुपये दिले. हा आकडा शासनानेच संसदेत सांगितलेला आहे. त्यांपैकी ३४,९९७ कोटी अर्थसंकल्पातून दिले गेले आणि उरलेले २,७६,००० कोटी कर्जरोख्यांच्या द्वारे.

हे कर्जरोख्यांचे प्रकरण नीट समजून घ्या. कारण येथेच पुष्कळांची फसगत होते. शासनाने बँकेला सांगितले, तुझ्याजवळ ठेवीदारांचा पैसा पडून आहे, त्यातून आमचे रोखे विकत घे. बँकेने ते घेतले. त्या विक्रीची जी रक्कम शासनाला मिळाली, ती शासनाने त्याच बँकेत भागभांडवल म्हणून घातली. रोकड फिरून पुन्हा होती त्याच पेटीत आली. तेव्हा काही विद्वान मंडळी म्हणाली की, यात जनतेचा एक पैसाही खर्च झाला नाही! परंतु रोखा म्हणजे कर्ज. त्याचे व्याज सरकारी तिजोरीतून जाते आणि मुदत संपली म्हणजे मुद्दलही त्याच तिजोरीतून फेडावे लागते. आज ज्या मुली या सभेत आईच्या मांडीवर झोपी गेल्या आहेत, त्या मोठ्या होत असतील तेव्हाही या कर्जाचा बोजा पूर्णपणे उतरलेला नसेल.

आणि तिजोरी कोणाची? “आम्ही आयकर भरीत नाही, मग आमचा पैसा कसा?” असे कोणी म्हणेल. तुम्ही साबणाची वडी घेता, चपला घेता, औषधाची बाटली घेता, मोबाइलमध्ये पैसे भरता, त्या प्रत्येक वेळी कर देता. धनिकाला साबणावर जो कर पडतो, तोच झाडूवालीलाही पडतो. बाबासाहेब १९२७ साली मुंबई विधिमंडळात प्रथमच अंदाजपत्रकावर बोलले, तेव्हा त्यांनी नेमके याच अन्यायावर बोट ठेवले होते. उत्पन्न नसेल त्याला आयकर नाही, पण शेतकरी कितीही गरीब असो, त्याच्या शेतसाऱ्याला माफी नाही, ही विषमता त्यांनी सभागृहापुढे मांडली. जो माणूस अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहून आलेला होता, त्याने अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून सभागृहात उभे राहून पहिल्याच अंदाजपत्रकाचा कस पाहिला. आपले प्रतिनिधी अंदाजपत्रकावर काय बोलतात, हे आपण कधी वाचून पाहतो काय?

माझा मुख्य मुद्दा आता येतो. ज्या वर्षांत बँकांना हा पैसा दिला जात होता, त्याच वर्षांत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अवस्था काय होती? आपणांपैकी जे बौद्ध झाले, त्यांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० पर्यंत, कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत, वाट पाहावी लागली, हे तुम्हांस ठाऊक आहेच. त्यानंतर ही शिष्यवृत्ती आपल्या घराघरांतील मुलांची झाली. २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांत या योजनेसाठी केंद्राचे साहाय्य वर्षाला सुमारे १,१०० कोटी रुपये होते, असे शासनानेच डिसेंबर २०२० मध्ये आपल्या निवेदनात म्हटले आहे. बाकीचा भार राज्यांवर टाकलेला होता. शुल्काची रक्कम येईना, म्हणून महाविद्यालये दाखले अडवीत, मुले घरी बसत. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली, तिच्यात केंद्राचा वाटा ३५,५३४ कोटींचा. चार कोटींहून अधिक विद्यार्थ्यांसाठी पाच वर्षांचे ३५,५३४ कोटी! हा आकडा फार मोठा म्हणून वर्तमानपत्रांत छापून आला. आणि बँकांसाठी? जानेवारी २०१८ मध्ये, एकाच पुरवणी मागणीत, ८०,००० कोटी रुपयांचे रोखे संसदेपुढे आले. त्याच वर्षी डिसेंबरात आणखी ४१,००० कोटींची पुरवणी मागणी आली.

माझ्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये, म्हणून एक खुलासा करतो. बँका बुडू द्यावयास हव्या होत्या, असे मी म्हणत नाही. सरकारी बँक बुडाली असती, तर पहिला हंबरडा पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीच्या घरातून ऐकू आला असता. बड्या कर्जदाराच्या घरातून नव्हे. बँक ऑफ महाराष्ट्र नंतर सावरली, नफ्यात आली, शासनाला लाभांशही देऊ लागली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. बँक वाचविण्याविषयी माझी तक्रार नाही. ती का बुडत होती, कोणाच्या कर्जाने बुडत होती, आणि वाचविताना तिच्यावर कोणत्या अटी घातल्या, हे ज्यांच्या पैशाने वाचविली त्यांना कोणी सांगितले नाही, ही माझी तक्रार आहे.

याच काळात सामान्य खातेदाराकडून बँका काय वसूल करीत होत्या, पाहा. स्टेट बँकेने एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत, खात्यात किमान शिल्लक नाही एवढ्याच अपराधासाठी, आपल्या खातेदारांकडून १,७७१ कोटी रुपये दंड म्हणून घेतले. पुढे ओरड झाली आणि मार्च २०२० मध्ये त्या बँकेने बचत खात्यावरील ही अट काढून टाकली. उलट पंजाब नॅशनल बँकेला ५,४७३ कोटी भांडवल देण्याचे जानेवारी २०१८ च्या अखेरीस जाहीर झाले, आणि फेब्रुवारीच्या मध्यास त्याच बँकेतील ११,००० कोटींहून मोठा हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांचा घोटाळा बाहेर आला. तीन आठवड्यांचे अंतर! भांडवल देताना कोणी घरात डोकावून पाहिले होते काय?

माझ्याच व्यवसायातील एक अनुभव सांगतो. एक बाई आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलीला परिचर्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि साडेतीन लाखांचे कर्ज हवे होते. शिक्षणासाठी ४ लाखांपर्यंतचे कर्ज असेल तर बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तरीही एका सरकारी बँकेच्या शाखेत त्यांना घराची कागदपत्रे मागितली. झोपडीची कसली कागदपत्रे? मी लेखी पत्र दिले, तेव्हा पंधरा दिवसांनी कर्ज मंजूर झाले. त्या बाई मला देव मानू लागल्या, याचेच मला अधिक दुःख झाले. कारण मी फक्त नियम लिहून दाखविला होता.

तेव्हा जाब विचारावयाचा तो कोणाला? बँकेच्या खिडकीवरील कारकुनाला? त्याच्या हाती काही नसते. व्यवस्थापकाला? त्याची वर्षा-दोन वर्षांत बदली होते. पोलिसांनी कोणाला धरले, म्हणजे आपल्याला वाटते न्याय झाला. २०१८ च्या जूनमध्ये पुणे पोलिसांनी बांधकाम व्यावसायिकाच्या कर्जप्रकरणात बँक ऑफ महाराष्ट्रच्या तत्कालीन प्रमुखांनाच अटक केली. शहरभर चर्चा झाली. काही महिन्यांनी, त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही, असे पोलिसांनीच न्यायालयाला कळविले. अटक म्हणजे उत्तरदायित्व नव्हे, हे वकील या नात्याने मी तुम्हांस सांगू शकतो.

पैसा मंजूर करणारा हात शोधला पाहिजे. राज्यघटनेच्या ११३ व्या अनुच्छेदाप्रमाणे अनुदानाची मागणी मंजूर करण्याचा, नाकारण्याचा अथवा कमी करण्याचा अधिकार लोकसभेस आहे. राज्यसभेस तो नाही. म्हणजे ते ८०,००० कोटी काय किंवा ४१,००० कोटी काय, ज्या सभागृहाने मंजूर केले त्यात महाराष्ट्राचे ४८ सदस्य बसतात, आणि त्यांत तुमचा एक आहे. तो कोण, हे तरी प्रत्येकास नक्की ठाऊक आहे काय? पुण्यात राहणारे सर्वच जण पुणे मतदारसंघात मत देतात, असा गैरसमज मी वारंवार पाहिला आहे. वडगावशेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, छावणी आणि कसबा येथील मतदार पुण्याचा खासदार निवडतात. परंतु हडपसरचा मतदार शिरूरचा खासदार निवडतो आणि खडकवासल्याचा मतदार बारामतीचा. ज्याला जाब विचारावयाचा, त्याचे नाव आधी खरे असले पाहिजे. दावा चुकीच्या प्रतिवादीवर लावला, तर तो टिकणे कठीण जाते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या खासदाराने त्या मागणीच्या बाजूने मत दिले की विरुद्ध, ते पाहून येतो. जा आणि पाहा. बहुधा तुम्हांस काहीही सापडणार नाही! कारण अशा मागण्यांवर बहुधा आवाजी मतदान होते. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी ‘हो’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. सभागृहात एक गलका होतो आणि अध्यक्ष म्हणतात, मागणी मंजूर झाली. कित्येक खात्यांच्या मागण्या तर अधिवेशनाचा वेळ संपला म्हणून चर्चेवाचून एकगठ्ठा मंजूर होतात. कोण हजर होता, कोण ‘हो’ म्हणाला, कोण बाहेर चहा पीत होता, याची नावनिशीवार नोंद राहत नाही. सदस्याने मतविभागणी मागितली, तरच नोंद होते. आणि ती मागण्याचा त्याला अधिकार आहे. आपल्या वस्तीच्या मंडळाच्या सभेत पाचशे रुपयांच्या खर्चासाठी कोणी सूचक, कोणी अनुमोदक, असे नाव लिहून घेतो आपण!

अमेरिकेत २००८ साली काय झाले ते ऐका. तेथील मोठमोठ्या बँका आणि पेढ्या कोसळू लागल्या. त्यांना वाचविण्यासाठी ७०० अब्ज डॉलरचे विधेयक आले. दोन्ही मोठ्या पक्षांचे पुढारी त्याच्या बाजूला होते. परंतु निवडणूक महिना-सव्वा महिन्यावर आली होती आणि मतदारांनी आपापल्या प्रतिनिधींवर दूरध्वनींचा आणि पत्रांचा वर्षाव केला. २९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने ते विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले. चार दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, फेरफार करून ते पुन्हा आले आणि २६३ विरुद्ध १७१ मतांनी संमत झाले. पहिल्या दिवशी नाही म्हणणारे आणि दुसऱ्या वेळी हो म्हणणारे कोण, हे तेथील कोणताही मतदार आजही नावानिशी काढून पाहू शकतो. ते विधेयक चांगले होते की वाईट, या वादात मला शिरावयाचे नाही. मत कोणाचे होते हे लपून राहिले नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या देशात खासदाराला आणखी एक संरक्षण आहे. घटनेच्या १०५ व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेतील भाषणाबद्दल वा मताबद्दल त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात कारवाई चालत नाही. हे संरक्षण योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक धनदांडगा खासदाराला कोर्टात खेचील. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाचा आदेश मोडून मत दिले, तर त्याची जागाही जाऊ शकते. हे सर्व मान्य. पण प्रश्न विचारावयास कोणत्या पक्षाचा आदेश आडवा येतो? चर्चेत उठून, या बँकेची बुडीत कर्जे कोणाची, असे विचारले म्हणून कोणाची जागा गेल्याचे मी ऐकलेले नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी या गोष्टीचा उलगडा केलेला आहे. स्थैर्य आणि जबाबदारी या दोहोंत त्यांनी जबाबदारीला अधिक महत्त्व दिले आणि सांगितले की, आपल्या पद्धतीत शासनाच्या जबाबदारीची तपासणी दोन प्रकारांनी होते. एक तपासणी रोजची. ती सभागृहातील सदस्य प्रश्न, ठराव, अविश्वास यांच्या द्वारे करतात. दुसरी तपासणी मुदतीची. ती मतदार निवडणुकीच्या वेळी करतात. आता विचार करा. रोजची तपासणी ज्याने करावयाची, त्यानेच ती केली नाही, तर मुदतीच्या तपासणीत तुम्ही त्याला कोणता प्रश्न विचारणार? आपण विचारतो, नळ आला का, समाजमंदिराला फरशी बसली का, जयंतीला वर्गणी किती दिली. नगरसेवकाला विचारावयाचे प्रश्न आपण खासदाराला विचारतो, आणि खासदाराला विचारावयाचा प्रश्न कोणालाच विचारीत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जण एका लोकप्रतिनिधीकडे गेलो होतो. नाव घेत नाही; कारण दुसरा कोणी असता तरी याहून वेगळे बोलला असता, असे मला वाटत नाही. आम्ही शिष्यवृत्तीचे बोललो, मग सरकारी बँकांना दिलेल्या रकमेचे बोललो. ते म्हणाले, “हे दिल्लीचे विषय. तुमच्या गल्लीतल्या गटाराचे सांगा, उद्याच माणूस पाठवितो.” आमच्यातले दोघे खरोखरच गटाराचे सांगू लागले! मी त्यांना दोष देत नाही. गटार घरापुढे तुंबलेले असते, घाण वास येतो. ८०,००० कोटींना वास येत नाही. परंतु परत येताना मला वाटत राहिले, त्या गृहस्थांना असे उत्तर देण्याची सवय आपणच लावली आहे.

पुरावा मिळत नाही, अशी सबब आता पुरेशी नाही. भारताचे महालेखापरीक्षक यांनी २०१७ साली सरकारी बँकांच्या भांडवलाविषयी स्वतंत्र अहवाल दिला. त्याचा क्रमांक २८. २००८-०९ पासून २०१६-१७ पर्यंत दिलेल्या १,१८,७२४ कोटींची ती तपासणी होती. कोणत्या बँकेला किती आणि का दिले याची कारणे काही ठिकाणी कागदपत्रांत आढळली नाहीत, ठरविलेल्या निकषांत न बसणाऱ्या काही बँकांनाही पैसे दिले गेले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. या नऊ वर्षांत केंद्रात दोन वेगवेगळ्या आघाड्यांची सरकारे होती. म्हणून हा प्रश्न विचारताना कोणाच्याही पक्षाचा झेंडा आड येऊ देऊ नका. महालेखापरीक्षक हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे बाबासाहेब घटना समितीत म्हणाले होते. आज परिस्थिती अशी आहे की, राष्ट्रीयीकृत बँकांचे हिशेब त्या अधिकाऱ्याने तपासावयाचे नसतात. १९७० च्या कायद्याप्रमाणे ते बँकेने रिझर्व्ह बँकेच्या संमतीने नेमलेले हिशेबतपासनीस तपासतात. शासनाने पैसा घातला, तेवढ्याचाच माग महालेखापरीक्षक काढू शकतो. पैसा बँकेत गेला, की दार बंद. हा कायदा कोण बदलू शकतो? पुन्हा तीच लोकसभा.

१६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला सांगितले की, बँकांच्या तपासणीचे अहवाल तुम्ही माहिती अधिकारात दडवून ठेवू शकत नाही. तुमचे उत्तरदायित्व जनतेशी आहे, बँकांशी नव्हे. बँकांनी पुढे या निर्णयाविरुद्ध पुन्हा न्यायालयात धाव घेतली, ती का, हे मी सांगावयास नको.

विचारल्याने काय होते, असेही कोणी म्हणेल. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून प्रथम फक्त १,००० रुपये काढता येऊ लागले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. १० ऑक्टोबर रोजी केंद्रीय अर्थमंत्री मुंबईस आपल्या पक्षाच्या कार्यालयात आल्या, तेव्हा ठेवीदार दारात उभे राहिले आणि त्यांना त्यांची गाऱ्हाणी ऐकावी लागली. त्या वेळी ठेवीचा विमा अवघा १ लाखाचा होता, आणि तो १९९३ पासून तसाच राहिलेला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो ५ लाख झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि बँकेवर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन घातले. हे सारे केवळ त्या दारातल्या घोषणांमुळे झाले, असा दावा मी करणार नाही. पण सत्तावीस वर्षे न हललेला आकडा चार महिन्यांत हलला, हे खरे.

त्याचा लाभ आपल्या पुण्याला झाला. १९१२ साली स्थापन झालेली रुपी सहकारी बँक फेब्रुवारी २०१३ पासून निर्बंधांखाली होती. तिला सरकारी बँकेसारखे वाचवावयास कोणी आले नाही; विलीनीकरणाच्या नुसत्या वाटाघाटी होत राहिल्या. पेठांतले निवृत्त शिक्षक, घरकाम करणाऱ्या बाया, किरकोळ दुकानदार नऊ-नऊ वर्षे खेटे घालीत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द करण्याचा आदेश काढला. तोवर, म्हणजे १८ मे २०२२ पर्यंत, नव्या तरतुदीखाली विमा महामंडळाने तिच्या ठेवीदारांना ७०० कोटींहून अधिक रक्कम दिलेली होती. हा पैसा शासनाचाही नव्हता. बँका दर शंभर रुपयांच्या ठेवीमागे काही पैसे हप्ता भरतात, त्या निधीतला तो होता. ज्यांच्या ठेवी ५ लाखांहून अधिक होत्या, त्यांची वरची रक्कम अडकली ती अडकलीच.

आता कामाचे बोलू. खासदाराला लिहावयाच्या पत्राचा मसुदा मी तयार केला आहे. त्यात फार काही नाही. आमच्या मतदारसंघाचे प्रतिनिधी या नात्याने आपण बँकांच्या भांडवलाच्या मागण्यांवर सभागृहात एकदा तरी बोललात काय. सरकारी बँकांची मोठी बुडीत कर्जे कोणाची, हा प्रश्न लेखी विचारलात काय. मतविभागणी मागितली काय. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या थकबाकीबद्दल काय केलेत. राष्ट्रीयीकृत बँकांचे हिशेब महालेखापरीक्षकाकडे देण्यास आपली संमती आहे काय. एवढेच. जे त्या काळी खासदार नव्हते, त्यांना पुढच्या अधिवेशनात हे विचारणार काय, असे विचारले आहे. भाषा सभ्य ठेवली आहे. शिव्या दिल्या, की उत्तर न देण्याचे कारण त्यांना आयते मिळते.

ज्यांना लिहिता येते त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावे; छापील पत्रांचा गठ्ठा कोणी उघडून पाहत नाही. ज्यांना येत नाही, त्यांचे पत्र त्यांच्या घरातील शाळकरी मुलाने किंवा मुलीने लिहावे आणि आईबापाने त्यावर सही अगर अंगठा करावा. त्या निमित्ताने मुलाला ते आकडे पाठ होतील. हडपसरकडच्या मंडळींनी शिरूरच्या खासदाराचा पत्ता घालावा, खडकवासल्याकडच्यांनी बारामतीच्या. टपाल पोचपावतीसह करा. पावती देव्हाऱ्यात नव्हे, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा; तेथून ती हरवत नाही. येत्या रविवारी सायंकाळी मी पुन्हा येथेच येणार आहे. पत्रे घेऊन या, एकत्र वाचू, आणि सोमवारी सकाळी टपालात टाकू. ज्या वृद्ध गृहस्थांनी मला तो प्रश्न विचारला होता, त्यांचे पत्र मीच लिहून देण्याचे कबूल केले आहे.

जयभीम.